वयस्कांची चक्कर : शब्द एक, कारणे अनेक

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना तब्येत विचारली असता गुडघेदुखीच्या खालोखाल जी तक्रार आमच्या कानी पडते ती चक्कर येण्याची होय. घरातील मंडळी ही तक्रार फारशी मनावर घेत नाहीत. 'वय झाले, अशक्तपणा आहे, एखादी सलाईन लावून घ्या' एवढ्यावर विषय संपतो. आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून आहोत. परंतु स्वतःच्या घरी ठेच लागल्यानंतर या विषयाचे जे वाचन केले व डॉक्टर मंडळींना विचारून जे समजून घेतले, ते समाजबांधवांच्या आणि विशेषतः विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

संजय गांधी निराधार योजना व श्रावणबाळ योजनेचे अनुदान उचलण्यासाठी हिंगोली जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून वृद्ध स्त्री-पुरुष बँकेत येतात. सकाळची पहिली एस.टी. धरून निघालेली ही माणसे अकरा-बारापर्यंत रांगेत उभी असतात. वाटेत लघवीला कोठे जायचे, या धास्तीने बायका घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात अशा रांगेतील कोणीतरी खिडकीची कड धरून खाली बसले नाही असा महिना आम्हांस आठवत नाही. एकदा एक आजीबाई अशाच खाली बसल्या. भोवतीच्या लोकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीत ताठ बसवले, कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा शोधू लागले. विचारपूस करता कळले की बाई साखरेच्या आजाराची गोळी पहाटे घेऊन निघाल्या होत्या आणि पोटात चहाशिवाय काही नव्हते. लोकांनी तिला चक्कर म्हटले. वास्तविक ती रक्तातील साखर उतरल्याची खूण होती. गुळाच्या खड्याने त्या पाच-दहा मिनिटांत बोलू लागल्या.

चक्कर हे रोगाचे नाव नसून एका अनुभवाचे नाव आहे, आणि तो अनुभवही एकच नाही, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या भागातील म्हातारी माणसे चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. 'घर गरगर फिरायलं' म्हणणाऱ्याला खरोखरच भिंती फिरताना दिसतात. 'डोळ्यासमोर अंधारी यायली' म्हणणारा बेशुद्धीच्या काठावर असतो. 'चालताना झोक जायला' म्हणणाऱ्याचे डोके ठीक असते, पाय व तोल ठीक नसतो. आणि 'डोस्कं भणभण करायलंय, हलकं हलकं वाटायलंय' म्हणणाऱ्याची तक्रार या तिन्हींत बसत नाही. विशेष म्हणजे अमेरिकेतील ड्रॅचमन व हार्ट या दोन डॉक्टरांनी १९७२ साली चक्करेचे जे चार प्रकार मांडले ते जवळपास हेच आहेत. आपल्या आजी-आज्यांनी ते न शिकता मांडले आहेत. आपणच त्यांचे बोलणे 'चक्कर' या एका शब्दात गुंडाळून डॉक्टरांसमोर ठेवतो.

मात्र म्हातारपणी हे प्रकार एकमेकांत मिसळतात. नेदरलँड्स देशात, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या पहिल्या पायरीवरच्या कुटुंबवैद्यांकडे येणाऱ्या ६५ ते ९५ वर्षांच्या ४१७ चक्करग्रस्त रुग्णांची बारकाईने तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ४४ टक्के रुग्णांत एकाहून अधिक प्रकारची चक्कर आढळली. डोळ्यांसमोर अंधारी येण्याचा प्रकार सर्वांत अधिक, म्हणजे ६९ टक्के रुग्णांत होता. मुख्य कारण म्हणून हृदय व रक्ताभिसरणाचे विकार ५७ टक्के रुग्णांत सापडले, तर कानाच्या आतील विकार केवळ १४ टक्क्यांत. आणि हातभार लावणारे कारण म्हणून २३ टक्के रुग्णांत काय सापडले, तर औषधे! म्हणजे जी गोळी बरे होण्यासाठी घेतली तीच चक्कर वाढवीत होती. परक्या देशाचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. आपल्याकडे रक्त कमी असणे, उपाशी राहणे, ऊन ही कारणे जास्तीची धरावी लागतील. परंतु औषधांविषयीचा मुद्दा आमच्या घरी शब्दशः खरा ठरला.

आमची आई बहात्तर वर्षांची. रक्तदाबाचा आजार जुना. दोन वर्षांपूर्वी तिला सकाळी उठताना अंधारी येऊ लागली. एका दवाखान्यात सलाईन लागली, दुसरीकडे मानेचा एक्सरे काढून मणक्याची झीज सांगितली गेली व गळ्यात पट्टा आला. तिसऱ्या ठिकाणी चक्करेची गोळी मिळाली. ती गोळी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली होती. आराम वाटतो म्हणून आम्ही तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवून आठ महिने गोळी आणत राहिलो. आई हळूहळू पाय घासत चालू लागली, हात थरथरू लागले. आम्ही म्हणालो, वय झाले. एके रात्री लघवीला उठली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर पडून मनगट मोडून घेतले. त्यानंतर तिने पौर्णिमेला विहारात जाणेही बंद केले.

उलगडा झाला तो प्राथमिक आरोग्य केंद्रात. प्लॅस्टर निघाल्यावर रक्तदाब दाखवायला गेलो असता तेथील तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणाले, "आजी, उद्या घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या. रिकामी पाकिटंसुद्धा आणा." दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी टेबलावर ओतली. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध निघाले, ॲम्लोडिपिन. एका डॉक्टरांनी ते एकटे दिले होते, दुसऱ्यांनी दुसऱ्या औषधासोबत जोडगोळीत. आई दोन्ही नेमाने घेत होती. सोबत लघवी वाढवणारी गोळी होतीच. दिवसभर दुबार नोंदी शोधणे हा आमचा पोटापाण्याचा धंदा. घरच्या गोळ्यांच्या डब्यात मात्र ती नोंद आम्हांस दिसली नाही.

नंतर त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी त्याआधीच्या तीन दवाखान्यांत कोणी केली नव्हती. आईला पाच मिनिटे निजवून रक्तदाब घेतला. तो वरचा १४६ भरला. मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतला. तो ११२ झाला होता. उभे राहिल्यावर वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर तो दोष समजावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. आईचा ३४ अंकांनी उतरत होता. खुर्चीत बसवून घेतलेला दाब नेहमी 'चांगला' येत असल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

याची कारणमीमांसा सोपी आहे. माणूस निजलेला असता रक्त अंगभर समान असते. उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त ओढीने पाय व पोटाकडे उतरते. मानेतील धमन्यांत दाब ओळखणाऱ्या बारीक नसा असतात. त्या तत्काळ मेंदूला खबर देतात, हृदय वेगाने चालते, पायांतील रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूचा पुरवठा चालू राहतो. तरुणपणी हे इतके झटपट घडते की आपणांस कळतही नाही. वय वाढले की ही यंत्रणा मंदावते. दीर्घकाळच्या मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असल्या, अंगात पाणी कमी असले, जुलाब झालेले असले किंवा उन्हातून आलेले असले की ती आणखी उशीर करते. त्यातच रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी असते. रक्तदाबाची औषधे तर आहेतच. शिवाय पुरुषांना लघवी अडते म्हणून मिळणारी टॅम्सुलोसिनसारखी गोळी, झोपेची गोळी, सर्दी-खाजेसाठी मेडिकलवरून आणलेली गुंगीची गोळी, हीही या यादीत येतात. म्हणूनच पहाटे लघवीला उठताना, जेवणानंतर ताटावरून उठताना आणि कडक पाण्याने अंघोळ केल्यावर वृद्ध माणसे अधिक पडतात.

पण हे वाचून कोणीही रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गोळी अचानक बंद केल्यावर दाब चढून पक्षाघात होऊ शकतो. डॉक्टरांनी आईची दुबार गोळी काढली, लघवीची बंद केली आणि उरलेल्या गोळीची वेळ बदलली. चक्करेची जी गोळी आम्ही आठ महिने आणली तिचे नाव प्रोक्लोरपेरॅझिन. चार-सहा दिवसांच्या ओकारी-गरगरीसाठी ती चांगली आहे. परंतु वृद्ध माणसाने ती महिनोन्महिने घेतल्यास कंपवातासारखी थरथर व मंद चाल येऊ शकते, आणि सिनारिझिन या तशाच प्रचलित गोळीचेही तेच. आईची अंधारी महिन्याभरात बरीच कमी झाली. हातांची थरथर जायला मात्र पाच-सहा महिने लागले.

आता गरगरण्याविषयी. कानाच्या आत, पडद्याच्या पलीकडे, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात व त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोके हलले की द्रव हलतो आणि मेंदूला डोके कोणीकडे वळले ते समजते. त्यांच्या शेजारी एका पिशवीत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म खडे चिकटलेले असतात. वयोमानाने अथवा डोक्याला मार लागल्याने यांतील काही खडे सुटतात आणि नळीत शिरतात. मग माणूस कुशीवर वळला, माळ्यावरचे भांडे काढायला मान वर केली की ते खडे घरंगळतात, आणि डोके स्थिर असूनही मेंदूला वाटते की आपण फिरत आहोत. सारे घर भिंगरीसारखे फिरते, ओकारी येते, पण हे सारे बहुधा मिनिटाच्या आत थांबते. रॉबर्ट बारानी यांनी हा विकार १९२१ साली वर्णिला. कानाच्या या यंत्रणेवरील आधीच्या संशोधनासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. तो ओळखण्याची रीत डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ साली सांगितली. रुग्णाचे डोके एका बाजूला वळवून त्याला झटकन निजवतात व डोळ्यांची बुबुळे उडतात का ते पाहतात.

या विकारावर गोळी फारशी चालत नाही. चालते ती एक कवायत. अमेरिकेतील जॉन एप्ले यांनी ती १९९२ साली प्रसिद्ध केली. निजवलेल्या रुग्णाचे डोके एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस, मग अंगासह कुशीवर, असे टप्प्याटप्प्याने वळवीत खडे नळीतून बाहेर काढून पुन्हा पिशवीत पाडतात. पाच-सात मिनिटांचे काम, यंत्र नाही, खर्च नाही, आणि पुष्कळांना एकदोन खेपांतच आराम पडतो. ती घरी कोणाचे ऐकून करू नये. कोणत्या कानाचा दोष आहे हे आधी ठरवावे लागते, आणि मानेचा किंवा हृदयाचा आजार असेल तर जपावे लागते. पण 'कुशीवर वळताना गरगरते आणि मिनिटभरात थांबते' हे एक वाक्य डॉक्टरांना स्पष्ट सांगितले तरी पुष्कळ काम होते. ते न सांगता 'चक्कर येते' एवढेच म्हटले तर चाळीस गोळ्या हातात पडण्याचा संभव अधिक.

सलाईनविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत पाणी आणि सुमारे साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजची असेल तर पाच टक्के साखर, म्हणजे पंचवीस ग्रॅम. अंगातील पाणी खरोखर आटले असेल, जुलाब-ओकाऱ्या झाल्या असतील, तर ती जीव वाचवते यात वाद नाही. परंतु 'ताकदीची बाटली' असे तिच्यात काही नाही, आणि हृदय कमजोर असलेल्या वृद्धाच्या फुप्फुसात पाणी साचण्याची भीती असते. दोष केवळ डॉक्टरांचा म्हणता येणार नाही. सलाईन लावल्याशिवाय आपल्या माणसांचे समाधान होत नाही, आणि सलाईन न लावणाऱ्या डॉक्टरला आपणच 'याला काही येत नाही' म्हणतो. गळ्यातील पट्ट्याचेही तसेच. मणक्याची झीज बहुतेक सर्वच वृद्धांच्या एक्सरेत दिसते. तीच चक्करेचे कारण आहे असे त्यावरून ठरत नाही.

काही चक्करा मात्र एक मिनिटही घरी ठेवू नयेत. चक्करेसोबत तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, आधाराशिवाय उभेच राहता न येणे ही पक्षाघाताची चिन्हे होत. रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही डोक्याचा सी.टी. स्कॅन झाल्यावर. हिंगोली जिल्ह्याच्या टोकाच्या गावाहून हे अंतर तोडायचे तर 'सकाळी बघू' म्हणून चालत नाही. १०८ क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. चक्कर येऊन छातीत दुखणे, दम लागणे, नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी चालणे, बसल्या बसल्या शुद्ध हरपणे, काळी शौचास होणे, यांतही तसेच. काळी शौच म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो, आणि सांधेदुखीच्या गोळ्या सतत खाणाऱ्यांत तो होतो.

अंधारी येऊन कोणी कोसळले तर त्यास खुर्चीत ताठ बसवू नये. सपाट निजवून पाय उशीवर उंच करावेत, म्हणजे रक्त मेंदूकडे परतते. मधुमेही असेल व शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा गूळ पाण्यातून द्यावा आणि नंतर डॉक्टरांना दाखवावे, कारण काही गोळ्यांनी उतरलेली साखर पुन्हा उतरते. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काही घालू नये.

हे लिहिताना वर्षावासातील आपल्या उपासिका डोळ्यांसमोर येतात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत पुष्कळ वयस्क माता उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळतात व दुपारनंतर जेवत नाहीत. त्यांची श्रद्धा आम्ही वंदनीय मानतो. परंतु साखरेची संध्याकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन रात्री उपाशी राहणे हे धोक्याचे आहे. उपोसथाच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्यावी, अथवा आजारी असेपर्यंत जेवण चालू ठेवावे. यात शीलभंग होतो असे ज्यांना वाटते त्यांनी विनयपिटकातील महावग्ग पाहावा. आजारी भिक्खूंसाठी तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध व काकवी-गूळ ही पाच भैषज्ये दुपारनंतरही घेण्यास अनुमती दिली आहे. संसाराचा त्याग केलेल्या भिक्खूला जी सवलत आहे ती सत्तर वर्षांच्या गृहिणीला नाकारणारे आपण कोण? त्याच ग्रंथात, आतड्याच्या विकाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदासह आंघोळ घालून खाटेवर निजवल्याची कथा आहे; तेव्हा जवळच्या भिक्खूंना त्यांनी विचारले की याच्याकडे कोणी का पाहिले नाही.

विहारात आणखी एक गोष्ट घडते. तास-दीड तास मांडी घालून ग्रंथवाचन ऐकायचे, मग पंचांग प्रणाम करून एकदम उभे राहायचे, आणि गर्दीत दाराकडे निघायचे. अंधारी येण्यास याहून सोयीची रीत नाही. वृद्धांसाठी भिंतीलगत खुर्च्या ठेवल्या व खुर्चीत बसून वंदना करण्यात कमीपणा नाही हे आधीच सांगितले तर बरे. घरी उठताना आधी कुशीवर वळावे, मग खाटेच्या कडेवर पाय खाली सोडून बसावे, पावले वर-खाली हलवावीत आणि मगच उभे राहावे. आमची आई कडेवर बसल्या बसल्या त्रिसरण तीन वेळा म्हणते व मग उठते. डॉक्टरांनी अर्धा मिनिट सांगितले होते. तेवढाच वेळ त्यात जातो. रात्री न्हाणीच्या वाटेवर लहान दिवा असावा, फरशी कोरडी असावी, भिंतीला धरायला दांडी असावी. पुरुषांनी रात्री बसून लघवी करावी. काठी वापरण्याची लाज बाळगू नये. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या हातीही काठी होती.

आता विद्यार्थ्यांसाठी काम. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांची तपासणी तेथे होते. २०२४ साली हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पण दोन-तीन मिनिटांच्या तपासणीत गोंधळलेली आजी काय सांगणार? म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीने तिच्याजवळ बसून एक चिठ्ठी करावी. घर फिरते, अंधारी येते की झोक जातो, हे आजीच्याच शब्दांत लिहावे. 'चक्कर' हा शब्द शक्यतो टाळावा. किती वेळ टिकते, उठताना येते की कुशीवर वळताना, जेवणाच्या आधी की नंतर, ऐकू कमी येते काय, कानात आवाज येतो काय, गेल्या वर्षात किती वेळा पडली, हेही लिहावे. खाली सर्व गोळ्यांची नावे, आणि ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव मुद्दाम पाहून लिहावे. दुबार गोळी तेथेच सापडते. कोणती गोळी कधी सुरू झाली आणि चक्कर कधी सुरू झाली, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की पुष्कळदा डॉक्टरांना वेगळे विचारावे लागत नाही.

आमच्या घरी हे काम अकरावीत शिकणाऱ्या मुलीकडे आहे. तिने त्यासाठी एक शंभर पानी वही केली असून डाव्या पानावर निजून घेतलेला दाब व उजव्या पानावर उभ्याने घेतलेला दाब लिहिते. गेल्या तपासणीला दवाखान्यात फार गर्दी होती आणि डॉक्टर बसूनच दाब घेऊन पुढच्या रुग्णाला हाक मारणार होते. तिने वही पुढे करून "सर, आजीचा उभ्याने राहिला" असे सांगितले, आणि त्यांनी तो घेतला.